उसन्या रक्ताचा हिशेब

रक्ताविषयी आपल्या समाजाने जितके खोटे सांगितले आहे तितके दुसऱ्या कशाविषयी क्वचितच सांगितले असेल. रक्त उच्च असते, रक्त नीच असते, रक्त बाटते, रक्त बोलते, ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कानांवर आदळत आली. १९०१ साली व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर याने रक्तगट दाखवून दिले तेव्हाच या भाषेच्या मुळावर घाव बसायला हवा होता. रक्तपेढीतल्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, तारीख असते, क्रमांक असतो. जातीचा रकाना नसतो. ज्याच्या सावलीचा एके काळी विटाळ होत असे त्याचे रक्त, गट जुळला की, कोणाच्याही शिरेत निमूटपणे मिसळते.

परंतु या लेखात मला त्या खोट्या विटाळाबद्दल लिहायचे नाही. रक्तात खरोखरच विष मिसळले गेल्याचा, आणि ते ज्यांच्या शरीरात गेले त्या मुलांचा इतिहास मला मांडायचा आहे. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार. आईबापांकडून आलेल्या या आजारात जगण्यासाठी या मुलांना दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. त्या रक्ताबरोबर हजारो मुलांना काविळीचा एक चिवट प्रकार मिळाला. त्याला हिपॅटायटिस सी म्हणतात. पहिला आजार जन्माने आला हे मान्य. दुसरा कोणी दिला? हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात सहसा विचारला जात नाही. म्हणून तो इथे विचारला पाहिजे.

आधी पहिला आजार समजून घेऊ. १९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञाने काही लहान मुलांच्या विलक्षण पांढरेपणाची नोंद केली. त्यांची प्लीहा वाढलेली होती, चेहऱ्याची हाडे रुंदावलेली होती. १९३२ साली या आजाराला थॅलेसेमिया हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत समुद्राला जो शब्द आहे त्यावरून ते आले, कारण प्रारंभीचे रुग्ण भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतले होते. पुढे कळले की हा आजार भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंत आणि त्याहीपुढे पसरलेला आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः धडधाकट असतो. आपण काय वाहून नेत आहोत हे त्याला ठाऊकही नसते. मूल मात्र सहा महिने ते दोन वर्षांच्या आत पांढरे पडू लागते. त्याच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. रक्त दिले नाही तर ते शाळेचे तोंड पाहण्याआधीच जाते.

सिकलसेल हा त्याचा चुलतभाऊ. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिकने विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला आणि त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांनी तो विदर्भात नोंदवला. पूर्वाश्रमीचे महार म्हणजे आजचे बौद्ध, गोंड, माडिया, परधान, तिकडे सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा या समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला नियमित रक्त लागत नाही. पण अनेकांना वेदनेच्या झटक्यात, बाळंतपणात, शस्त्रक्रियेच्या वेळी ते घ्यावे लागतेच.

इथे एक भ्रम दूर करायला हवा. आमच्याच वस्त्यांत मी ऐकले आहे की हा 'आपल्या जातीचा रोग' आहे, मागल्या जन्मीचे भोग आहेत. विज्ञान वेगळे सांगते. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली असा तर्क मांडला की थॅलेसेमियाच्या वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. सिकलसेलच्या बाबतीत १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेत तसा पुरावा दिला. म्हणजे जंगलात, पाणथळीत, डासांच्या राज्यात ज्यांना राहावे लागले त्यांना वाचवणारा हा गुण होता. तोच दोन्ही बाजूंनी एकत्र आला की मुलाच्या जिवावर उठतो. आणि तो दोन्ही बाजूंनी वारंवार एकत्र यावा अशी व्यवस्था आपण स्वतःच करून ठेवली आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे दाखवले होते. एका लहान गटातच लग्ने होत राहिली की वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढते. सिंधी, लोहाणा, भानुशाली यांसारख्या समाजांतला थॅलेसेमिया आणि आमच्याकडचा सिकलसेल यांना हा नियम सारखाच लागू आहे. भोग मागल्या जन्माचे नव्हेत. याच जन्मातल्या सोयरिकीचे आहेत.

आता रक्ताकडे वळू. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि ते आयुष्यभर लागते. १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले की हिमोग्लोबिन फार खाली जाऊ न देता नियमाने रक्त दिले तर मूल वाढते, खेळते, शिकते. ही मोठीच क्रांती होती. पण तिच्या पोटात एक साधे गणित दडलेले होते. पंधरवड्याला एकच बाटली धरली तरी वर्षाला २६ आणि दहा वर्षांत २६० होतात. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या अंगात सुमारे अडीचशे अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते. समजा, दर दोनशे दात्यांमागे फक्त एकाच्याच रक्तात विषाणू आहे आणि कोणतीही तपासणी होत नाही. ज्याला आयुष्यात एकदाच रक्त घ्यावे लागते त्याला ही जोखीम नगण्य वाटेल. पण २६० बाटल्या घेणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्यांपैकी एक तरी दूषित बाटली येण्याची शक्यता शंभरात त्र्याहत्तर भरते. ज्याला रक्ताची गरज सर्वांत जास्त, त्याच्यावर रक्तपेढीच्या हलगर्जीपणाचा घाव सर्वांत खोल बसतो. हे सत्य पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

रक्तातून कावीळ होते हे जुने ज्ञान आहे. १९६५ साली बारूख ब्लुमबर्ग यांनी जे प्रथिन जाहीर केले ते हिपॅटायटिस बी च्या विषाणूचे निघाले. १९७३ साली हिपॅटायटिस ए चा विषाणू दिसला. तेव्हा वाटले, कोडे सुटले. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवून दिले की रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या काविळीतला मोठा भाग ए चाही नाही आणि बी चाही नाही. पुढची चौदा वर्षे या आजाराला स्वतःचे नावही नव्हते. 'ए नव्हे, बी नव्हे' एवढीच त्याची ओळख. १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू ओळखला. १९९० साली अमेरिकेत आणि १९९१ साली ब्रिटनमध्ये दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी सुरू झाली. या शोधासाठी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू मुकाट्याने काम करतो. बहुतेकांना डोळे पिवळे झालेलेही कळत नाहीत. थोड्यांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. बाकीच्यांच्या यकृतात ठाण मांडून वीस-तीस वर्षांत ते कठीण करून टाकतो. थॅलेसेमियाच्या मुलांना एवढी सवलतही मिळत नाही. प्रत्येक बाटलीबरोबर अंगात लोह साचते आणि ते यकृतातच जाऊन बसते. लोह आणि विषाणू मिळून यकृत लवकर खलास करतात.

विषाणू दिसण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली होती. १९७० साली रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने 'द गिफ्ट रिलेशनशिप' हा ग्रंथ लिहून सांगितले की जिथे रक्त विकत घेतले जाते तिथे ते अधिक धोकादायक असते, कारण विकणारा गरजू असतो आणि गरजू माणसाला आपला आजार लपवावा लागतो. त्याच सुमारास ऑल्टर ज्या संस्थेत होते तिथे पैसे घेणारे दाते बंद करण्यात आले आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी सुरू झाली; रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या काविळीचे प्रमाण शंभरात तेहतीसवरून दहाच्या आसपास आले. म्हणजे हिपॅटायटिस सी ची चाचणी नसतानाही काय करायला हवे हे १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच जगाला ठाऊक झाले होते.

आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते? शहरोशहरी मोठ्या इस्पितळांच्या आसपास रक्त विकणारांचा बाजार होता. रिक्षा ओढणारे, हमाल, बेकार, व्यसनाने पोखरलेले लोक महिन्यातून अनेकदा बाटली देत. दुष्काळाने गावातून उखडलेला माणूस शहरात येऊन प्रथम घाम विकतो. घामाला गिऱ्हाईक मिळाले नाही की रक्त विकतो. नातेवाइकाने बदली रक्त द्यावे असा नियम होता तिथे हाच माणूस 'पेशंटचा भाऊ' म्हणून उभा केला जाई. १९९० साली केंद्र सरकारने करवून घेतलेल्या पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक रक्तपेढ्या बिनपरवाना आढळल्या.

या व्यापाराची दुसरी बाजू पुण्याने पाहिली. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, विकणारांच्या रक्तातून तो काढून घेऊन उरलेल्या पेशी त्यांच्याच अंगात परत सोडल्या जात. म्हणजे माणूस लवकर पुन्हा विकायला मोकळा. १९८९ साली पुण्यातल्या अशा विक्रेत्यांत एचआयव्हीचा उद्रेक झाल्याचे संशोधकांनी प्रसिद्ध केले. पुढे १९९५ साली पश्चिम भारतातल्या प्लाझ्मा-विक्रेत्यांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सी ची प्रतिपिंडे सापडली. ही माणसे काही विषारी जन्मली नव्हती. ज्या धंद्याने त्यांचे रक्त घेतले त्याच धंद्याच्या सुया-नळ्यांनी त्यांना रोग दिला असावा, हे उघड आहे. सभ्य समाज रक्त विकणाराला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. मला तो या कथेतला पहिला रुग्ण वाटतो. विकणारा गरीब, घेणारे मूलही बहुधा गरिबाचे, आणि मध्ये नफा. विटाळ कुठे असेल तर तो या मधल्या जागेत आहे.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो तेव्हा माझ्या वर्गात थॅलेसेमियाचा एक मुलगा होता. बाप गिरणीतून काढलेला कामगार. दर तीन आठवड्यांनी तो मुलाला घेऊन शहराच्या इस्पितळात जाई, आणि एका शाळकरी वहीत प्रत्येक बाटलीची नोंद ठेवी: तारीख, गट, क्रमांक, आणि रक्तासाठी मोजलेले पैसे. दुकानदाराची उधारी लिहावी तशी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुलाला हिपॅटायटिस सी असल्याचे निष्पन्न झाले. बापाने ती वही डॉक्टरांपुढे ठेवली आणि विचारले, "यातली कोणती?" उत्तर नव्हते. जी तपासणी कोणी बंधनकारकच केली नव्हती तिची नोंद कुठून असणार? मुलांची आजारपणे लिहून ठेवायला बाप होता. त्या रक्ताचा इतिहास लिहून ठेवायला मात्र कोणी नव्हते.

हा मुलगा एकटा नव्हता. १९९० नंतर भारतातल्या निरनिराळ्या शहरांत थॅलेसेमियाच्या रुग्णांची तपासणी झाली तेव्हा कुठे दहातला एक तर कुठे जवळजवळ दर दोघांतला एक या विषाणूने बाधित निघाला. शहरागणिक बदलणारे हे आकडे रुग्णांच्या शरीराविषयी काही सांगत नाहीत. ते त्या त्या शहराच्या रक्तपेढ्यांविषयी सांगतात.

अखेर न्यायालयात जावे लागले. एच. डी. शौरी यांच्या 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन करा, बिनपरवाना पेढ्या बंद करा, दोन वर्षांत रक्ताची विक्री थांबवा, असे आदेश झाले. १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदान बंद झाले. आणि प्रत्येक बाटलीची हिपॅटायटिस सी साठी तपासणी सक्तीची व्हायला २००१ च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

आता हिशेब मांडू. विकत घेतलेले रक्त घातक असते हे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी कळले. आपण ते १९९८ साली थांबवले. पाव शतक गेले. चाचणी १९९० साली उपलब्ध झाली. आपण ती सुमारे अकरा वर्षांनी बंधनकारक केली. पंधरवड्याला एक या हिशेबाने अकरा वर्षे म्हणजे एका मुलाच्या २८६ बाटल्या. गरीब देशाला चाचणी परवडत नव्हती असे सांगितले जाते. न परवडण्याची किंमत मात्र देशाने दिली नाही. ती या मुलांच्या यकृतांनी दिली. ज्यांच्या घरात मंत्र्याला फोन करणारे कोणी नसते त्यांच्यासाठीचा उशीर कोणाला उशीर वाटतच नाही.

उपचारातही हेच घडले. आरंभी इंटरफेरॉनची इंजेक्शने होती; महिनोन्‌महिने घ्यायची, अंगात ताप, मनाला मरगळ, आणि खर्च मजुराच्या आवाक्यापलीकडचा. त्याला जोडून दिले जाणारे रिबाव्हिरिन हे औषध तांबड्या पेशीच फोडते. म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलाला या औषधापायी आणखी रक्त घ्यावे लागे. मग डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला परवानगी मिळाली. तीन महिने गोळ्या घेतल्या की बहुसंख्य रुग्णांच्या शरीरातून विषाणू नाहीसा होऊ लागला. तिथली किंमत ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. २०१४ साली भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत झपाट्याने खाली आली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. हे चांगले झाले आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्याला हा विषाणू आहे अशा प्रत्येक रुग्णापर्यंत ही बातमी पोचवणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. पण बरा झालेला रुग्ण पुन्हा बाधित होऊ शकतो. या विषाणूवर लस नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून कवचही मिळत नाही. गोळ्या संपतात, बाटल्या संपत नाहीत.

आणि बाटलीचा दरवाजा अजून पुरता बंद झालेला नाही. २०११ साली गुजरातमध्ये जुनागढ येथे थॅलेसेमियाची २३ मुले एचआयव्हीबाधित निघाली. २०२२ साली नागपुरात अशा चार मुलांना एचआयव्ही झाल्याचे आणि त्यांतले एक दगावल्याचे उघड झाले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झारखंडच्या चाईबासात पाच मुलांची तीच बातमी आली. विषाणू वेगळा आहे, वाट तीच. नेहमीची चाचणी रक्तातली प्रतिपिंडे शोधते, आणि हिपॅटायटिस सी ची प्रतिपिंडे दिसायला सुमारे दोन महिने लागतात. त्या काळात दिलेले रक्त चाचणीत निर्दोष ठरते. 'नॅट' ही चाचणी प्रत्यक्ष विषाणूचाच शोध घेते आणि हा आंधळा काळ काही दिवसांवर आणते. ती देशभर सक्तीची झालेली नाही. कारण तेच सांगितले जाते: परवडत नाही. वाचकांनी १९९० ते २००१ हा काळ आठवावा आणि स्वतःच ठरवावे की हे वाक्य आपण किती वेळा ऐकून घ्यायचे.

ब्रिटनने निदान आरशात पाहिले. तिथे दूषित रक्ताने आणि रक्तापासून केलेल्या औषधांनी तीस हजारांहून अधिक लोक बाधित झाले, सुमारे तीन हजार मेले. त्यांत हिमोफिलियाचे रुग्ण होते, तसे थॅलेसेमिया आणि सिकलसेलचेही होते. ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी आयोगाने २० मे २०२४ रोजी अहवाल देऊन सांगितले की हे बव्हंशी टाळता आले असते आणि सत्य दडवले गेले. सरकारने माफी मागितली, भरपाईची योजना केली. पीडितांनी चाळीस वर्षे कागद जपले, सभा घेतल्या, दारे ठोठावली, म्हणून हे घडले. आपल्याकडे हिपॅटायटिस सी ने बाधित झालेल्या या मुलांसाठी देशपातळीवर अशी चौकशी झालेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वात घेतले. पण नोकरीतले आरक्षण त्यांना दिले नाही. म्हणजे प्रमाणपत्र दिले आणि भाकरी राखून ठेवली.

मागण्या काही अवघड नाहीत. प्रत्येक रक्तपेढीत नॅट चाचणी व्हावी. नियमित रक्त घेणाऱ्या प्रत्येकाची ठरावीक काळाने तपासणी व्हावी आणि त्याला मिळालेल्या प्रत्येक पिशवीची नोंद त्याच्या हाती असावी. रक्तातून रोग झाला तर भरपाई हा हक्क मानला जावा. ती कोणाच्या दयेवर सोडली जाऊ नये. आपल्या वस्त्यांत आणि पाड्यांवर लग्नाआधी वाहक-तपासणी व्हावी, आणि जो वाहक निघेल त्याच्याकडे, विशेषतः तिच्याकडे, बोट दाखवले जाऊ नये. कुंडली पाहणाऱ्या समाजाला रक्ताचा कागद पाहायला लाज वाटण्याचे कारण नाही.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की इतिहास सनावळीत असतो हे खरे, पण तो दोन सनांच्या मधल्या जागेतही असतो. १९९० आणि २००१ यांच्या मध्ये कोण होते, त्यांची नावे काय, त्यांतले किती जगले, हे शोधून लिहिणे आपल्याच पिढीला शक्य आहे, कारण त्यांचे आईबाप अजून हयात आहेत. ते गेले म्हणजे पुरावाही जाईल. आणि ज्याचा पुरावा नाही तो अन्याय घडलाच नाही असे म्हणणारांची या देशात कधीच उणीव नव्हती.